गुळाची वाटी

संस्थान विलीन झालं, दरबारची नोकरी सुटली, तेव्हापासून एक गृहस्थ इंदुरात नवरा-बायकोंचे तंटे मिटवत हिंडत. माहेरी परतलेल्या माझ्या बहिणीला सासरी धाडायला ते मेहुण्यांना घेऊन आमच्याकडे आले. बसल्याबसल्या त्यांनी गुळाची वाटी मागितली. दोघांनी त्यातला खडा खाल्ला की समेट झाला, अशी त्यांची रीत. ती का परतली, हे त्यांनी विचारलंच नाही.

"आजवर एकाही मुलीची तक्रार आली नाही, भिया," पगडी सावरत ते मला म्हणाले.

"त्यांतल्या किती जणींना नंतर भेटलात?" मी विचारलं.

"एकीलाही नाही. जरूरतच काय?"

असल्या हिशेबावर आमच्या हिशेबतपासणीच्या कचेरीत कुणी सही केली नसती. बहिणीने गूळ डब्यात परत टाकला. सासरी न्यायला बांधून दाराशी ठेवलेली तिची ट्रंक मी उचलून आत नेली.