पाकिटावरची बाई

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मशिदीत शेजारी बसणाऱ्या जुन्या दोस्ताजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच. नीट सांगता येईल की नाही, तेही कळत नाही.

शहाद्यात स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. मिरची, हळद, आमचूर. मागे लोणखेड्याच्या कॉलेजात मला बोलावलं होतं. छोट्या धंदेवाल्यानं जाहिरात करताना कोणत्या चुका टाळाव्यात, यावर बोला म्हणाले. बोललो. एका पाकिटावर दहा गोष्टी छापू नका, उठसूट सूट देऊ नका, तक्रार आली की फोन बंद करू नका. टाळ्या पडल्या. मग एका मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या पाकिटावरची बाई कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

कोणी नाही?

तिचं नाव रुमली. धडगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात तिचं घर. दर उन्हाळ्यात कैऱ्या सोलायच्या, काप करून खडकावर वाळवायचे आणि पोतं घेऊन खाली माझ्याकडे यायचं — वर्षानुवर्षं हेच. एकदा मीच वर गेलो होतो. अंगणभर पांढरे काप पसरलेले, मधे ती, गळ्यात चांदीचं, कशाला तरी हसत होती. मी मोबाइलवर फोटो काढला. विचारलं नाही. विचारायचं असतं, हे तेव्हा सुचलं होतं का? आठवत नाही. खरंच आठवत नाही.

तो फोटो मी पाकिटावर छापला. खाली लिहिलं — डोंगरातल्या आईच्या हातचा आमचूर. पाकिटं सुरतेपर्यंत जायला लागली. मागणी वाढली तसा मी गुजरातच्या बाजारातून स्वस्तातला माल आणून त्यात भरू लागलो. आधी थोडा. मग — जाऊ द्या, मग सगळाच.

त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला. रुमलीचा आमचूर काळपट पडला होता. मी पोत्यात हात घातला आणि म्हणालो, "बाई, हा चालणार नाही." ती पोतं दाराशी ठेवून पाणी प्यायला आत आली आणि फळीसमोर थांबली. फळीवर पाकिटांची रांग. प्रत्येक पाकिटावर तीच, हसत.

तिनं एक उचललं. बराच वेळ बघितलं.

"शेठ, हाई मी शे का?"

हो म्हणायला काय लागत होतं? ती काही मागणार नव्हती. तशी ती नाहीच. पण तिचं पोतं दाराशी पडलं होतं, मीच नाकारलेलं, आणि तिच्या हातातल्या पाकिटात तिचा एक कापसुद्धा नव्हता. तेवढ्यासाठी घाबरलो? की नुसतीच लाज? अजून उलगडत नाही.

"नही," मी म्हणालो. "दुसरी बाई शे. नाशिककडनी."

ती हसली. "मन्हासारखीच दिखस!" म्हणाली, पाकीट जागेवर ठेवलं आणि पोतं डोक्यावर घेऊन गेली.

इथंच संपलं असतं तर मी विसरलोही असतो. पण पुढच्या उन्हाळ्यात आल्या आल्या तिनं विचारलं, "ती बाई बरी शे ना?" मी बरी आहे म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षी — तिला पोरं किती? मी दोन सांगितली. मुलगा आणि मुलगी. दरवर्षी काहीतरी नवीन विचारायची, मी सांगायचो, आणि ती मान डोलवत ऐकायची. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती माझी मजा बघत होती का? की खरंच तिला वाटत होतं, कुठंतरी आपल्यासारखीच एक बाई आहे, बऱ्या घरात? तिच्या तोंडाकडे बघून मला कधीच ओळखता आलं नाही. मी फार वेळ बघायचोही नाही.

मागच्या उन्हाळ्यात पोत्याबरोबर तिनं फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी आणली. आत निवडून घेतलेला आमचूर, एकही डाग नसलेला. "हाई तिले दे," म्हणाली. "इकाले नही." विकायला नाही, त्या बाईला द्यायला.

मी घेतली.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं नमुना मागितला होता. दुकानात तितका चांगला दुसरा माल नव्हता. मी पुरचुंडी सोडली, आमचूर पाकिटात भरला आणि पाठवून दिला. फडकं झटकून गल्ल्याखाली टाकलं. माल पसंत पडला.

या वर्षी रुमली आली. पोतं टेकवायच्या आधीच विचारलं, "तिले आवडना का?"

"आवडना," मी म्हणालो. "भलता आवडना."

तिला इतका आनंद झाला की ती उंबऱ्यावरच बसली, आणि पदरानं घाम पुसत हसत राहिली.