ओढ्याची फाईल

ओढ्यात गाळ साठतो तसे हापिसात किस्से साठत्यात. उपसायला कुणी येत न्हाई. मी प्रदूषणाच्या हापिसातला शिपाई, सातवी नापास. तरी आज मीच पाटी उचलतो.

*

माझं गाव वाघोलीच्या पुढं. आमची प्यायच्या पाण्याची विहीर ओढ्याला लागून, आन् ओढ्याच्या वरल्या अंगाला रंगाचा कारखाना. ओढा कधी निळा, कधी तांबडा. आमच्या साहेबांनी ते पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेलं. रिपोर्ट आला, पाणी चांगलं. मला पटंना.

हापिसातल्या कारकून पाठक मॅडम म्हणल्या, "साहेब, बाटल्या गुरुवारी भरल्यात. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. दत्ताला जावं तसे गेलात."

*

मग सोमवारी भरल्या. आता रिपोर्ट खराब. तर कारखान्याचा म्यानेजर अर्ज घेऊन हजर. पाणी साफ करायची नवी मशीन यायला वरीस लागंल, तोवर मापापेक्षा जास्त घाण सोडायची परवानगी द्या.

म्हंजे चोरानं चौकीत येऊन वर्षाचा पास मागावा तसं!

मी केबिनीत घुसून वराडलो, "साहेब, ते पाणी माझी नात पिती."

साहेब म्हणले, "मामा, ओरडू नका. किती घाण चालते ते माप दिल्लीनं ठरवलंय. सैल करायचं का, ते त्यांनाच विचारतो."

*

दिल्लीवाल्यांचं हापिस पुण्यातच हाय. फाईल घेऊन मीच गेलो. तिथले साहेब म्हणले, "माप आमचं, पण परवानगी राज्य देतं. तुमच्या साहेबांनीच ठरवावं." फाईलीवर लिवलं, परत.

आमच्या साहेबांनी लिवलं, मार्गदर्शन व्हावं. पुन्हा तिकडं. पुन्हा परत.

पाठक मॅडम म्हणल्या, "स्थळ दाखवल्यासारखी फिरवताय. कोणीतरी निदान नाही तरी म्हणा."

*

माझं टाळकं सरकलं. एवढ्या फेऱ्यांत कुणी येड्यासारखी सही ठोकली तर? पुढल्या खेपेला म्या फाईल नेलीच न्हाई. रिकाम्या बाटल्यांच्या खोक्याखाली सारली. सही न्हाई तर परवानगी न्हाई. सरळ काम.

आमच्या साहेबांना वाटलं फाईल तिकडं. तिकडल्यांना वाटलं इकडं. कुणी विचारलं पण न्हाई. दसरा गेला, दिवाळी गेली. म्या गावात पारावर छाती काढून सांगितलं, "अडवलीय म्या."

*

मग एक दिवस म्यानेजर पेढे घेऊन आला. साहेब चाटच पडले. "अहो, परवानगी दिली कोणी?"

"कोणीच नाही साहेब. आपण हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत."

साहेबांनी पाठक मॅडमकडं बघितलं. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून वाचलं. अर्ज केल्यापासून चार महिन्यांत हो की नाही कळवलं नाही, तर परवानगी दिली असंच धरायचं. तीही विनाअट.

माझी नजर बाटल्यांच्या खोक्याकडं गेली.

साहेब म्हणले, "पण फाईल होती कुठं इतके दिवस?"

म्यानेजरनं पुडा आधी माझ्याम्होरं धरला.

"घ्या मामा. या फाईलीपायी सगळ्यात जास्त तुम्हीच पळालात."