वीत, बोट आणि पत्र्याची जीप

निवृत्त झाल्यावर मी इंदापूरच्या घरी पत्र्याच्या गाड्या करत बसायचो. खेळणी नव्हेत. कुणी खेळणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. खऱ्या गाडीच्या मापानं बेतलेल्या गाड्या त्या. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, जोडायला कथलाचे डाग, चपलेच्या रबराचे टायर. ट्रक झाला, ट्रॅक्टर झाला, दुधाचा टँकरही झाला. पण सन नव्वदच्या पुढची तीन-चार वर्षं गेली आणि माझ्यातला जोर सरला. पत्रा कापायला बसलं की पंधरा मिनिटांत मान धरायची. कानस हातात असायची आणि मी ती खाटेखाली शोधायचो. बायको म्हणायची, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, तुमची तर पासष्टी आली." खोटं कशाला बोलू, उत्तर द्यायचासुद्धा कंटाळा यायचा.

तरी एक गाडी करायचीच होती. माझी जीप.

कालव्याच्या ऑफिसात तिच्यावर मी एकवीस वर्षं ड्रायव्हर होतो, आणि तिला चालती ठेवणारा मिस्त्री सांगवीचा. आम्ही एकमेकांना डायव्हर आणि मिस्त्री एवढंच म्हणायचो. साहेब बंगल्यावर जेवायला गेले की जीप बाभळीखाली लावायची, मागचा फाळका, म्हणजे मागचं आडवं दार, पाडायचा आणि दोघांनी मागं आडवं व्हायचं. मी आखूड, म्हणून मावायचो. मिस्त्री ताडमाड. त्याची पावलं फाळक्याच्याही बाहेर, उन्हात. उठला की तापलेले तळवे चोळत रोज तेच बोलायचा, "गाडी करणाऱ्यानं वीतभर पत्रा वाचिवला, न् माझं पाय भाजलं."

पुढं त्याला साखर झाली. आधी नजर गेली, मग डाव्या पायाची जखम भरेना. एकदा भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "डायव्हर, एवढ्या गाड्या करतोस, आपली कर की. डोळ्याला न्हाय दिसायची, पर हात लावला की वळखीन." मी हो म्हणून बसलो. त्या एका शब्दानं मला दोन वर्षं कामाच्या पाटावर बसवलं.

आता मापाचं सांगतो. टेप मी कधी वापरला नाही. आमच्या वडिलांनी दार, खाट, गोठा, सगळं वितीनं मोजलं, तीच सवय मला. वीत म्हणजे बारा बोटं. म्हणून खऱ्या गाडीची एक वीत ती माझ्या गाडीचं एक बोट. हिशेब इतका सोपा, की टेप घेऊन मोजणाऱ्यांची मी चेष्टा करायचो. जीपचं पुढचं माप, बंपरपासून समोरच्या काचेपर्यंतचं, नोकरीत असतानाच घेतलं होतं. सहा विती. काचेपासून मागचं काय, घेऊ कधीतरी, म्हणून राहिलं. मग एका सकाळी हँडल मारताना इंजिनानं उलटा झटका दिला आणि उजवा अंगठा मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, अंगठा मात्र ताठच राहिला. पुढं जीप लिलावात निघाली. ती जायच्या आदल्या दिवशी जाऊन मी घाईघाईनं मागचं माप घेतलं. दहा विती. वहीत लिहून टाकलं.

त्या वहीवरून गाडी उभी राहिली. रोज थोडी थोडी, कधी नुसता एक डाग. समोरच्या काचेसाठी त्याच अंगठ्याचा जुना एक्स-रे सोड्याच्या गरम पाण्यात धुतला. हाड निघून गेलं, निळसर फिल्म राहिली. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची, फाळका तारेवर उघडायचा, मिटायचा. कापडी हूड मुद्दामच घातलं नाही, आत हात जावा म्हणून. बायकोनं एकदा लांबून बघून म्हटलं, "मागनं जरा जास्तच वाटती." मी उसळलो. "वहीत दहा आहेत, दहा. तू तुझ्या भाकरी बघ." ती भाकरी थापायला आत गेली. खरं तर माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि रोज बघून बघून जी समोर होती तीच मला खरी जीप वाटायला लागली होती.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसा रंग तेवढा राहिला होता. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. मिस्त्रीच्या सुनेचा फोन. शुक्रवारी त्यांना पुण्याला नेणार, पाय गुडघ्याखाली कापायचा आहे म्हणाली. तो दिवस बुधवार. रंग तसाच सोडला. ज्याच्यासाठी केली त्याला रंग कुठं दिसणार होता?

गुरुवारी साडीच्या खोक्यात जीप घातली आणि बारामतीची एसटी धरली. खोका मांडीवर. शेजारचा म्हणाला, "आबा, नातवाला खेळणं व्हय?" एरवी मी त्याला सरळ केला असता. त्या दिवशी मान हलवली आणि खिडकीकडं तोंड केलं. बारामतीला सांगवीच्या गाडीसाठी दीड तास उभा राहिलो. पाय भरून आले होते, आणि पायांबद्दल तक्रार करायची लाजही वाटत होती.

मिस्त्री ओसरीवर खाटेवर बसला होता. डावा पाय पांढऱ्या पट्टीत. माझा खोकला ऐकून म्हणाला, "डायव्हर का?"

"हो. आणलीय."

त्यानं दोन्ही हात धोतराला पुसले. जन्मभर गाडीला हात लावून मग पुसणारा माणूस, त्या दिवशी आधी पुसत होता. जीप मांडीवर घेतली. बंपर चाचपला, जाळीच्या पट्ट्या मोजल्या. बोनेटची डावी कडी वाकडी लागली तेव्हा हसला. "ही मीच वाकिवली हुती. ध्येनात ठिवलंस." मला इतकं बरं वाटलं, की दोन वर्षांचा शीण उतरलाच म्हणायचा. मग त्याचे हात मागं गेले, थांबले, पुढं आले, परत मागं गेले.

"डायव्हर, मागनं लांब झालीया."

"शक्य नाही. मी स्वतः मोजलंय."

"बोटभर जास्त हाय."

"वहीत दहा आहेत!" मी त्याच्यावर ओरडलो. आजारी माणसावर.

"हात आण तुजा." त्यानं माझा उजवा पंजा धरला, अंगठा ताणून बघितला. तो ताणला जाईना. "म्होरचं माप कवा घेतलंस? ह्यो मोडायच्या आदी का मागनं?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ताठ अंगठ्याची वीत आखूड. नऊ विती भरायच्या तिथं दहा भरल्या, आणि त्या मी मुकाट्यानं पत्र्यात उतरवल्या. रडू आलं, आलं ते आलं. म्हटलं, "आण इकडं. कापून परत जोडतो." म्हटलं खरं, पण अंगात तेवढं उरलं नव्हतं, आणि दिवसही उरला नव्हता. हे त्यालाही कळत होतं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. जीप त्यानं दिली नाही. फाळका पाडला. उजव्या हाताची मूठ केली, दोन बोटं पायांसारखी लांब सोडली आणि हात सीटांच्या मागं आत आडवा ठेवला. डाव्या हातानं फाळका वर उचलला. तो बोटांना न लागता मिटला.

"बग. वीतभर वाढिवलीस, न् आता माझं पाय मावत्यात."

मी हसलो. तोही हसला. मग त्यानं एक बोट हळूच दुमडून मुठीत घेतलं. आत एकच राहिलं.

"पर उशीर केलास, गड्या," म्हणाला, आणि फाळका तसाच धरून बसला.