आबांच्या शिंका

भाताची झोडणी सुरू झाली की माझ्या सासऱ्यांना, आबांना, शिंका लागायच्या. डोळे लाल, नाक गळतंय, तरी खळं सोडायचे नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या काकींनी त्यांना एक बारीक पिवळी गोळी दिली. शिंका थांबल्या खऱ्या, पण भाकरी खाऊन आबा पेंढ्याच्या ढिगाला टेकले ते तिथंच घोरायला लागले. उठले ते डुलतच, आणि पोती घरी न्यायची म्हणून ट्रॅक्टरची चावी मागू लागले.

चावी माझ्याकडं होती. मी उरवड्याला कंपनीत पॅकिंगला जायचे. मशीनवर बसवण्याआधी तिथं विचारायचे, झोप येणारी गोळी घेतलीय का.

"आबा, आज ट्रॅक्टर तुमी न्हाई चालवायचा."

"का? मला काय झालंय?"

"गोळीची झोप हाय अजून डोळ्यात."

सासऱ्यांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. आबा काही बोलायला गेले आणि मधेच त्यांना भली मोठी जांभई आली. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. पोती संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं नेली.

दुसऱ्या दिवशी मी आबांना पिरंगुटला मेडिकलात घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी आधी चौकशी केली. गाडी चालवता का? बीपीची गोळी चालू आहे का? लघवीला त्रास होतो का? शेवटच्या प्रश्नाला आबा माझ्याकडं बघू लागले, तशी मी साबण बघायला पलीकडं सरकले.

बाईंनी दुसरी गोळी दिली. "हिनं झोप कमी येते. दिवसाला एकच, पाण्याबरोबर. तरी पहिल्या दिवशी गाडीला हात लावू नका, कशी मानवते ते बघा. हिच्यासोबत ती पिवळी नको. बीपी आहे, तर नाक मोकळं करायची सर्दीची गोळी मनानं घेऊ नका. आणि दम लागला किंवा तोंड सुजलं, तर तडक दवाखाना गाठा."

आबांनी मान डोलावली. घरी आल्यावर सगळं सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं, लघवीचं तेवढं सोडून.

पुढची झोडणी त्यांनी ती नवी गोळी घेऊन, नाकाला उपरणं बांधून केली. एका दुपारी मी चुलीवर नवा तांदूळ रटरटत ठेवला होता. आबा ओसरीवरून म्हणाले, "इंद्रायणी शिजतोय व्हय? लई वर्षांनी वास आला बघ."

त्या दिवशी ते दोनदा भात मागून जेवले.