नमुन्याचं दूध

कागलजवळच्या आमच्या गावात मी अकरा वर्षं दूध संस्थेत फॅट काढायला होतो. सभासद एकशे बेचाळीस. प्रत्येकाच्या दुधातून एक पळी नमुना बाटलीत घ्यायचा, त्यातलं थोडं यंत्राला द्यायचं, आलेला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. बाटलीत उरलेलं दूध मी माझ्या किटलीत जमा करी. ते घरी न्यायची मुभा होती. आमचा चहा त्यावरच चाले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गल्लीतल्या एकीचा नवरा एड्सनं गेला. पाठोपाठ तिच्याही तपासणीत तेच निघाल्याचं गावाला कळलं. सुतक फिटल्यावर ती दूध घेऊन आली, तर रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या कासंडीकडे बोट दाखवलं.

"हिचं दूध आमच्या कॅनात नको."

"म्हशीचीबी तपासणी केलीसा व्हय, मामा?" मी म्हणालो. रांग हसली.

"म्हशीचं न्हाय रं. धार काढणाऱ्या हाताचं म्हणतोय."

"हातानं काय होत न्हाय. डॉक्टरांना इचारून आलोय."

खरंच विचारून आलो होतो, कोल्हापूरला जाऊन. तिचं दूध मी स्वतः कॅनात ओतलं. दोन लिटर सातशे, फॅट सात पॉइंट एक. त्यानंतर कुणी हरकत घेतली नाही.

बाटलीत उरलेलं तिचं दूध मात्र मी मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही. कॅनातलं दूध शहरभर जाणार होतं, ते मला चालत होतं. माझ्या किटलीत चालत नव्हतं. असं काही मी ठरवलं नव्हतं. हात तिकडे जाई, एवढंच सांगता येतं. डॉक्टरांचं बोलणं मला पटलं होतं की नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

वीसेक दिवसांनी चिठ्ठी घेताना ती हळूच म्हणाली, "अण्णा, माझा नमुना जरा कमी घ्या की. सांडायलाच लागतोय न्हवं."

ती टोमणा मारत होती, की तिला खरंच दुधाची हळहळ होती? मी वर पाहिलंच नाही, त्यामुळे कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा नमुना यंत्राला लागेल तेवढाच घेऊ लागलो. बाटलीत काही उरेना, मोरीत काही जाईना. मिटलं, असं मला वाटलं. ती चिठ्ठी घ्यायची, रिकाम्या बाटलीकडे एकदा बघायची आणि जायची. बाकीच्या एकशे एक्केचाळीस जणांचा नमुना मी पळीभरच घेत राहिलो.