चंद्राच्या ओटीवरची राजव्वा

भिवंडीजवळच्या वळ गावाशेजारी एका लहानशा गावात चंद्रा भोईर पोलीस पाटील झाली, तेव्हा निम्म्या गावाला ती थट्टाच वाटली. दोन हजार तीन सालची गोष्ट. भाताच्या खाचरांवर गोदामांचे पत्रे चढायला लागले होते आणि गावच्या रस्त्यावर बैलगाडीऐवजी कंटेनर अडकत होते. अशा दिवसांत गावावर नजर ठेवायची, काही वेडंवाकडं घडलं तर पोलीस ठाण्याला कळवायचं, भांडणं ठाण्यापर्यंत जाण्याआधी मिटवायची, हे काम एका विधवा बाईकडे गेलं.

"दारू पिऊन धिंगाणा घालनाऱ्याला ही काय लाटन्यानं हाननार?" असं चांगदेव नाक्यावर सगळ्यांसमोर म्हणाला होता. चांगदेव गावातला वजनदार माणूस. दोन गोदामं, एक टेम्पो आणि आवाज असा की गावच्या सभेत माइक लागायचा नाही.

चंद्राचा सासरा काळूराम आधीचा पोलीस पाटील. पण हे पद काही वारशानं चालत येत नाही. परीक्षा द्यावी लागते, प्रांतांपुढे मुलाखत होते. त्या वेळी जागा बाईसाठी राखीव निघाली, आणि काळूरामनंच सुनेला पुढं ढकललं.

"मना म्हाईत हाय, तुला जमंल," एवढंच तो म्हणाला. त्याच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे उंबराला फूल.

पहिल्या वर्षी चंद्राला फारसं काही जमलं नाही. बांधाची भांडणं तिच्यापर्यंत यायचीच नाहीत, परस्पर चांगदेवकडे जायची. ठाण्यातल्या बैठकीत बाकीचे पोलीस पाटील पुढच्या बाकांवर बसत, ती दाराशी. तिच्याशी नीट बोलायचा तो एकटा रामनाथ हवालदार. तिच्या गावाचा बीट, म्हणजे गस्तीचा भाग, त्याच्याकडे होता. पोट सुटलेला, सतत घाम पुसणारा, पण कोणाचंही म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस.

आणि मग पुढच्या वर्षी मार्गशीर्षात एके सकाळी सुताच्या गोदामाचा रखवालदार धावत आला.

"पाटीलबाई, चला लवकर. लोक एका म्हातारीला मारतायत."

चंद्रा हाताचं पीठ न धुताच निघाली. गोदामाच्या मागच्या भिंतीशी तीसएक माणसं जमली होती. मध्ये एक म्हातारी अंग चोरून बसलेली. पायात चपला नाहीत, पावलं फुटलेली, कपाळावर मोठं कुंकू पुसटलेलं. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा तालुकाभर फिरत होती. म्हातारीनं कोणाच्या तरी मुलीच्या गालावरून हात फिरवला होता, तेवढं पुरेसं झालं होतं. तिला ना मराठी येत होती, ना हिंदी. विचारावं तर भलतंच काही बोलायची, आणि ते ऐकून लोकांचा संशय वाढत होता. चांगदेव सगळ्यांच्या पुढे उभा होता.

चंद्रा गर्दीतून आत शिरली आणि म्हातारीच्या पुढ्यात सरळ खाली बसली. "आता हाना," ती म्हणाली. "पयली मना लागंल."

"वयनी, तुम्ही बाजूला व्हा. ही पोरं धरनारी हाय."

"असंल तर ठाण्यात कलंल. चांगदेवदादा, तुमची आय ह्याच वयाची हाय ना? ती उद्या कल्यानला चुकली आनि लोकांनी अशीच घेरली, तर?"

चांगदेवचा उगारलेला हात खाली आला, आणि त्याच्यामागून एकेकाचा आला. म्हातारीनं चंद्राचा पदर घट्ट धरला होता. पदराला पीठ लागलं होतं, ते तिच्या बोटांनाही लागलं.

चंद्रानं तिला घरी नेऊन ओटीवर बसवलं, गरम पाणी दिलं आणि ठाण्याला फोन केला. रामनाथ आला. त्यानं नोंद केली, म्हातारीला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय धुऊन पट्टी बांधली. अंगात ताप होता, पोटात कालपासून काही नव्हतं. परत आल्यावर म्हातारीनं तांदळाची भाकरी आणि चिंचेच्या कालवणातली मासळी बोटं चाटून खाल्ली. मग छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "राजव्वा." आणि लगेच डोळ्यांत पाणी आणून, "ना कोडुकु, ना कोडुकु."

रामनाथनं कान टवकारले. "हे तेलुगू वाटतंय. भिवंडीत कामतघरच्या बंदोबस्ताला असायचो तेव्हा असं बोलणं ऐकलंय मी." मग तो म्हणाला, "ताई, हिला ठाणे शहरातल्या महिला आधारगृहात पाठवू. नियमानं तसंच करायचं असतं."

"पाठवा, पन मानूस गावल्यावर पाठवा. तोवर र्‍हाऊ दे हितं."

"किती दिवस लागतील काय सांगावं?"

मग चंद्रानं जे सांगितलं ते गावात फार कोणाला माहीत नव्हतं. तिचा नवरा हरी कसाऱ्याच्या पुढे घाटात ट्रकखाली गेला, तेव्हा ती आणि घरची माणसं पोचेपर्यंत दुपार टळली होती. तोवर तिथल्या एका चहावाल्या बाईनं स्वतःची चादर आणून त्याच्या अंगावर घातली होती आणि एक अनोळखी पोलीस उन्हात त्याच्या उशाशी बसून होता, कुत्री हाकलत. खिशातल्या चिठोऱ्यावरच्या फोन नंबरावरून त्यानंच गावाला कळवलं होतं.

"मी त्या दोघांचं नाव पन इचारलं न्हाय, भाऊ," चंद्रा म्हणाली. "सुदच नव्हती. आता त्यांना कुटं शोधू? ही माझ्या दारात आली, तर हिचं मी करते."

रामनाथनं टोपी काढून घाम पुसला. "साहेबांशी मी बोलतो," म्हणाला, आणि खरंच बोलला. राजव्वा ओटीवर राहिली.

शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. त्या शुक्रवारी रामनाथ कामतघरहून मल्लेशम नावाच्या माणसाला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. मल्लेशम लूमवर कामाला, आणि गणपतीत रामनाथबरोबर शांतता कमिटीत असायचा. तो ओटीवर आला, वाकला आणि तेलुगूत दोन शब्द बोलला. राजव्वा क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग अशी रडली की शेजारच्या घरातून आक्का, म्हणजे चांगदेवची आई, काठी टेकत बघायला आली.

मल्लेशमनं तिचं सगळं ऐकून घेतलं. 'ना कोडुकु' म्हणजे 'माझा मुलगा'. राजव्वा करीमनगरकडची. सून बाळंतपणाला माहेरी गेली म्हणून मुलानं आईला सोबतीला भिवंडीला आणलं होतं. पण तिला इथं करमेना. लूमच्या खडखडाटानं झोप लागेना. 'मला गावी सोड' म्हणून ती रोज मुलाच्या मागे लागायची. एक दिवस तो शिफ्टला गेला आणि ती बाहेर पडली. रस्त्यावर तिला एक ट्रक दिसला. त्याच्या पाठीवर तिच्या गावच्या एसटीवर असतात तशी गोल गोल अक्षरं होती. वाचता येत नव्हती, पण ओळखीची. हा ट्रक गावाकडे चाललाय अशा समजुतीनं ती त्याच्या मागोमाग चालत राहिली. तो दिसेनासा झाला तशी दुसऱ्या ट्रकच्या मागे. चालत चालत गोदामांपर्यंत.

"मुलाचं नाव काय?" रामनाथनं विचारलं.

"श्रीनिवास," मल्लेशम म्हणाला आणि कसनुसं हसला. "साहेब, हमारे यहाँ हर दूसरे घर में एक श्रीनिवास है."

पत्ता म्हणून तिला एवढंच सांगता येत होतं की माडीवर खोली आहे, खाली मशिनी चालतात आणि जवळ देऊळ आहे. अख्खं कामतघर असंच होतं.

मल्लेशमनं हात टेकले नाहीत. देवळात त्यानं सांगितलं, चाळीचाळीतून विचारलं, चहाच्या टपऱ्यांवर निरोप ठेवले. रामनाथनं शहरातल्या ठाण्यांतून चौकशी केली. पण कोणाची आई हरवल्याची कुठेच खबर नव्हती, आणि हेच कोणाला उमगेना. आई हरवते आणि मुलगा गप्प कसा बसतो? चांगदेव म्हणाला, "म्हातारी नको झाली असंल. टाकून दिली." गावात बऱ्याच जणांना ते पटलं. चंद्रालाही एकदोनदा तसं वाटून गेलं, पण राजव्वा 'ना कोडुकु' म्हणताना तिच्या तोंडावर जे यायचं ते बघून तिला खरं वाटेना.

इकडे राजव्वा घरात रुळली. ती आणि आक्का दुपारभर ओटीवर बसायच्या. ही तेलुगूत बोलायची, ती आगरीत. मध्येच दोघी हसायच्या. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. गावातल्या बायका येता-जाता काहीबाही आणून द्यायच्या, कोणी पापड, कोणी जुनं लुगडं. पोरं धरणारी म्हणून जिला घेरलं होतं, तिच्याच मांडीवर आता शेजारच्या मुली वेणी घालून घ्यायला बसू लागल्या. चंद्राला ती 'बिड्डा' म्हणायची. त्याचा अर्थ लेकरू, असं मल्लेशमनं सांगितलं, तेव्हा चंद्रा उगाचच चुलीपुढे जाऊन बसली.

शेवटी रामनाथ म्हणाला, "इथं सापडत नाही तर तिकडून शोधू." राजव्वाच्या गावाचं नाव कोंडापूर. त्या नावाची गावं तिकडे ढिगानं. साहेबांनी परवानगी दिली, आणि एका शुक्रवारी मल्लेशमला ठाण्यातल्या फोनपाशी बसवलं. तो एकेका ठाण्याला तेलुगूत विचारायचा, मान हलवायचा आणि फोन ठेवायचा. रामनाथ पुढचा नंबर फिरवायचा. चंद्रा समोरच्या बाकावर राजव्वाचा हात धरून बसली होती. ठाण्यातला चहा दोनदा येऊन गेला.

मग एका फोनवर मल्लेशम एकदम उभा राहिला. मोठ्यानं बोलायला लागला, हसायला लागला, आणि फोन कानाला तसाच धरून त्यानं रामनाथकडे बघितलं.

"साहेब, वो रोज सुबह उनके थाने में आके बैठता है! माँ को वहीं ढूँढ रहा है!"

सगळा उलगडा झाला. श्रीनिवास शिफ्टवरून आला तो खोली रिकामी. आई रोज गावी जायचं म्हणते, म्हणजे गेलीच असणार, असं धरून त्यानं तशीच कल्याणला धाव घेतली आणि मिळेल ती गाडी पकडली. वाटेतली स्टेशनं शोधत गावी पोचला, आणि आई तिथंही नाही म्हटल्यावर तिथल्याच ठाण्यात तक्रार दिली. खोलीला कुलूप बघून चाळीतल्यांना वाटलं, मायलेक मिळून गावी गेले. म्हणून कामतघरात कोणाची आई हरवलेलीच नव्हती.

तो आला त्या दिवशी चांगदेव स्वतःचा टेम्पो घेऊन कल्याण स्टेशनला गेला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. श्रीनिवास खाली उतरला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ओटीवर राजव्वा उभी राहिली, तरातरा पुढे गेली आणि तिनं आधी त्याच्या दंडावर एक चापट ओढली.

"काय म्हनली?" आक्कानं विचारलं.

मल्लेशमला हसू आवरेना. "बोलती है, इतने दिन कहाँ खो गया था? मैं कितना ढूँढूँ तेरे को?"

सगळी ओटी हसली. मग मात्र राजव्वानं लेकाला कवटाळलं आणि हसणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. श्रीनिवास चंद्राच्या पाया पडायला वाकला. चंद्रानं त्याला वरच्यावर धरलं.

"माझ्या एकटीचं काय न्हाय ह्यात. ह्या हवालदारभावांच्या पाया पड, ह्या मल्लेशमभावांच्या पड. त्यांनी आपला सुट्टीचा दिस घातला तुझ्यापायी."

चांगदेव टेम्पोपाशीच घुटमळत होता. चंद्रा पाणी घेऊन गेली, तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वयनी, त्या दिवशी तुम्ही बसला नसता तिथं, तर..." चंद्रानं ते पुरं करू दिलं नाही. "पानी प्या, दादा. सकालपासून गाडीवर हाव तुम्ही."

त्या रात्री नव्हे, पण पुढे बरेच दिवस भाकऱ्या थापताना चंद्राला एकेक चेहरा आठवायचा. पायांना पट्टी बांधणारी डॉक्टरीणबाई, नियम थोडा वाकवून घेणारे साहेब, दूरच्या ठाण्यातला तो कधी न दिसलेला शिपाई, ज्यानं फोन आपटला नाही. एवढ्या लोकांनी आपापल्या जागी जरासं थांबून ऐकून घेतलं म्हणून हे झालं, असं तिला वाटे आणि मन भरून येई. बांधाची भांडणं आता तिच्या ओटीवर यायला लागली. पहिलं चांगदेवच घेऊन आला, त्याचं स्वतःचं. निकाल त्याच्या विरुद्ध गेला आणि त्यानं तो मानला.

शिमग्याच्या सुमारास कोंडापूरहून फोन आला. राजव्वाची सून बाळाला घेऊन आली होती, मुलगी झाली होती. हे श्रीनिवासनं हिंदीत सांगितलं आणि फोन आईला दिला. राजव्वा तेलुगूत लांबलचक काहीतरी बोलली. चंद्रानं मराठीत लांबलचक उत्तर दिलं, आक्काच्या गुडघ्यांपासून वालाच्या शेंगांपर्यंत. पलीकडून हुंकार येत राहिले.

फोन ठेवला तशी काळूरामनं झोपाळ्यावरून विचारलं, "एवडं काय बोलत होतीस? कललं तरी तुला काय?"

"कललं की," चंद्रा म्हणाली. "एकदा या म्हनतेय. वालाच्या शेंगा घेऊन."

काळूराम हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मंग जाऊ. आक्काला पन नेऊ."