रजेचा नियम दत्तोबाचा नव्हता

दत्तोबा गेल्याचे मला शोकसभेच्या निमंत्रणावरून कळले. सभेत सर्व वक्त्यांनी एकच सांगितले: केबलवरचा त्याचा ‘हजेरी’ हा थेट कार्यक्रम केबलचालकाशी बिनसल्यामुळे बंद पडला, आणि प्रेक्षकांना रजा सांगायला लावण्याचा भोळेपणा दत्तोबाचा होता. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. तेथे मला बोलू दिले नाही, म्हणून येथे लिहितो.

नव्वदचे दशक सरत असताना रोज सायंकाळी दत्तोबा कॅमेऱ्यासमोर वही उघडून बसे आणि कोल्हापूरभरचे प्रेक्षक फोनवरून हजेरी लावीत. “हाय का न्हाय?” “हाय की, दत्तूदादा!” एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एकमेकांच्या खोकल्याची चौकशी करीत. एकदा एका वृद्ध वस्तादांचा फोन आला नाही, तेव्हा घाबरलेल्या प्रेक्षकांनी जाऊन त्यांचे दार फोडले. वस्ताद हातकणंगल्याला लग्नाच्या पंगतीत होते. परतल्यावर त्यांनी कार्यक्रमातच सुनावले, “मेलो न्हाय अजून! दार कोण करून देणार?” त्यानंतर मी दत्तोबाला घरी गाठून सुचवले, की गावाला जाणाऱ्याने रजा सांगूनच जावे. तो म्हणाला, “आबा, सगळ्या गावाला कशाला सांगायचं?” मी त्याला भित्रा म्हणालो... आणि नियम झाला.

पुढे पेठेत एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, आमच्या अक्का, यांनी रजा सांगितली: “शनवारपर्यंत नेसरीला, भावाकडं.” दुसऱ्या सायंकाळी एका पुरुषाचा फोन आला. “अक्कांची हजेरी लावा की.”

“अक्का, आवाज बसला काय?”

“त्यांच्या झोपाळ्यावर बसूनच बोलतोय, दत्तूदादा. चहा पण घेतलाय.”

दत्तोबा हसला. नेसरीहून अक्कांचा भाचा चेष्टा करतो आहे, असे समजून मीही हसलो. शनिवारी अक्का परतल्या तेव्हा कुलूप तुटलेले होते, कपाटे रिकामी होती, आणि झोपाळ्याखाली चहाचा कप होता. त्या घरात त्या पुन्हा एक रात्रही राहिल्या नाहीत.

केबलचालक विनवीत असताना दत्तोबाने त्याच दिवशी कार्यक्रम थांबवला. “त्यो रोज बघत होता, आबा. आपल्यातलाच... अजून बघत असंल.” पोलिसांनी विचारले तेव्हा नियम आपलाच, असे त्याने सांगितले. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

तेव्हापासून तो घराबाहेर पडताना आत दिवा आणि रेडिओ चालू ठेवी, आणि कोठे जातो ते कोणालाही सांगत नसे. दाराला त्याने बाहेरून न दिसणारे कुलूप बसवून घेतले होते. गेल्या आठवड्यात येथवरचा लेख दत्तोबाच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, वाचून दाखवायला गेलो. भर दुपारी आत दिवा होता, रेडिओ बोलत होता, दार मात्र उघडले नाही. त्या लेकीकडे हुपरीला गेल्या असणार, हे ध्यानात आले. माझ्या मागे एक अनोळखी माणूस सायकल टेकवून उभा होता.

“कोण न्हाय काय घरात, पावणं?”

“आहेत की,” मी म्हणालो, आणि बंद दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगितले, “वहिनी, दार सावकाश उघडा. मी पायरीवर बसतो.”

तो निघून गेला. मी मात्र अंधार पडेपर्यंत बसून होतो.